तालमीचा कारभारी

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)

माळेगावची यात्रा आपल्यापैकी अनेकांनी पाहिली असेल. नांदेड जिल्ह्यातल्या लोहा तालुक्यातली ही खंडोबाची यात्रा. घोडे, उंट, तमाशाचे फड आणि कुस्त्यांची दंगल. मी जातो तो दंगलीसाठी. निवृत्त क्रीडाशिक्षकाला दुसरं काय सुचणार! आधी लहान पोरांच्या नारळावरच्या कुस्त्या सुटतात, मग इनाम वाढत जातं. हलगी कडाडत असते आणि सगळ्यांचे डोळे पैलवानावर असतात. मला मात्र एक खोड लागली आहे. मी आखाड्याच्या कडेला उभ्या असलेल्या माणसाकडं बघतो. त्याच्या खांद्यावर पैलवानाचा टॉवेल असतो, काखेत त्याचे कपडे. पोरगं पडलं तर सगळ्यात आधी त्याचा चेहरा उतरतो. तो वस्ताद. आज मला त्याच्याविषयी बोलायचं आहे.

क्रीडा प्रशासक म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढं खुर्ची येते. लातूरजवळच्या बाभळगावचे विलासराव देशमुख २०११ साली मुंबई क्रिकेट असोसिएशनचे अध्यक्ष झाले, तेव्हा आम्हा लातूरकरांना अभिमान वाटला होता. निवडणुकीत त्यांनी दिलीप वेंगसरकरांना हरवलं होतं. लॉर्ड्सवर तीन शतकं ठोकणारा फलंदाज हरतो आणि राजकारणी जिंकतो, यावर तेव्हा चावडीवर बरीच चर्चा झाली. संघटना चालवायला बॅट लागते की माणसं जोडायची हातोटी, हा वाद काही तिथं मिटला नाही. पुढच्याच वर्षी विलासराव गेले. पण क्रिकेटकडं पैसा आहे, कचेरी आहे, पगारी अधिकारी आहेत. कुस्तीत हा सगळा कारभार एकटा वस्ताद बघतो आणि त्याच्या दारावर पाटीसुद्धा नसते.

आमच्या भागातला असा थोर कारभारी म्हणजे हरिश्चंद्र बिराजदार. निलंगा तालुक्यातलं रामलिंग मुदगड हे त्यांचं गाव. १९६९ साली महाराष्ट्र केसरीची स्पर्धा लातुरात भरली आणि गदा त्यांनीच मारली. मी तेव्हा जेमतेम आठ वर्षांचा होतो. वडिलांच्या खांद्यावर बसून बघितलं म्हणतात, पण मला आठवतो तो फक्त धुरळा आणि वडिलांच्या पटक्याचा वास. १९७० साली एडिंबराच्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्यांनी सुवर्णपदक जिंकलं, १९७२ साली ते रुस्तुम-ए-हिंद झाले. १९७७ साली बेळगावात दिल्लीच्या सतपालवर त्यांनी मात केली. ती कुस्ती अजून आमच्याकडं पारावर रंगवून सांगतात, आणि सांगणाऱ्यातले निम्मे तरी तिथं नव्हते.

एवढं मिळवलेल्या माणसानं गावाकडं येऊन निवांत बसायला हरकत नव्हती. बिराजदार पुण्याच्या गोकुळ वस्ताद तालमीत वस्ताद झाले. मराठवाड्यातल्या कोरडवाहू घरातली पोरं त्यांच्याकडं जाऊ लागली. त्यातलेच एक लातूरजवळच्या साई गावचे काका पवार. अर्जुन पुरस्कार मिळवून तेही वस्ताद झाले आणि कात्रजला त्यांनी कुस्ती संकुल उभं केलं. बीड जिल्ह्यातल्या पाटोद्याचा राहुल आवारे याच परंपरेतला. २०१८ साली गोल्ड कोस्टच्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्यानं सोनं जिंकलं आणि ते पदक बिराजदारांना अर्पण केलं. बिराजदार २०११ सालीच गेले होते. सात वर्षांपूर्वी गेलेल्या माणसाचं नाव पोराच्या ओठावर येतं, ते त्यानं केवळ डाव शिकवले म्हणून नसतं.

मग तो करतो तरी काय? पहाटे पोरांना उठवतो, जोर-बैठका मोजतो, हौद्यातली माती उकरून घेतो, तिच्यात तेल, ताक, हळद पडली का बघतो, हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण खरा कारभार नंतर सुरू होतो. कुणाच्या घरून या महिन्याचे पैसे आले नाहीत, कुणाच्या बापानं कर्ज काढलं, कोण दूध पिताना अंग चोरतो म्हणजे त्याचं पोट बिघडलंय, कोण चुकीच्या संगतीत चाललाय. स्पर्धेचे अर्ज, रेल्वेची तिकिटं, डॉक्टर, कानाला लागलेला मार. शिवाय खुराक. बदाम, दूध, तूप यांचे आजचे भाव काढा आणि सोयाबीनचा भाव त्याच्या शेजारी ठेवून बघा. १९५२ साली खाशाबा जाधवांना हेलसिंकीला पाठवण्यासाठी कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजच्या प्राचार्यांनी घर गहाण ठेवून ७,००० रुपये उभे केले होते. स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक असं गहाणाच्या पैशावर आलं. पैलवानाच्या मागं कुणीतरी घर गहाण ठेवणारं लागतंच. बहुतेक वेळा तो बाप असतो.

इथं मला माझी एक गोष्ट सांगायची आहे. माझ्या शाळेत एक पोरगा होता. नाव सांगत नाही, त्याला आवडणार नाही. अंगानं बारीक, पण मनगट लोखंडाचं. तालुक्याला, जिल्ह्याला त्यानं सगळ्यांना लोळवलं. मी त्याच्या घरी गेलो. पाच एकर कोरडवाहू, दोन बहिणी. मी बापाला म्हणालो, याला पुण्याला तालमीत ठेवा. बाप बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, ‘सर, तुम्ही म्हणताव म्हणून धाडतो.’ हे वाक्य मला आजवर सुटलेलं नाही.

चार वर्षं तो तिकडं राहिला. मग गुडघा गेला. वस्तादानं त्याला दवाखान्यात नेलं, शस्त्रक्रियेचे निम्मे पैसे स्वतः घातले आणि घरी पोचवायला एसटीनं बरोबर आला. माझ्या घरीही आला. चहा घेतला. म्हणाला, ‘सर, पोरगं खोटं नव्हतं, नशीब खोटं निघालं.’ दोष त्यानं मलाही दिला नाही, स्वतःलाही नाही. पण बापानं रान विकलं होतं ते काही परत आलं नाही. आज तो मोंढ्यात टेम्पो चालवतो. सरकारी नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, राहुल आवारे पोलीस उपअधीक्षक झाला, हे मी भाषणांतून नेहमी सांगायचो. त्याच्यासमोर सांगायची मला हिंमत झाली नाही.

जानेवारी २०२० मध्ये बालेवाडीला महाराष्ट्र केसरीची अंतिम कुस्ती झाली, ती मी घरी टीव्हीवर बघितली. नाशिककडून उतरलेला हर्षवर्धन सदगीर आणि आमच्या लातूरचा शैलेश शेळके. दोघंही काका पवारांच्याच तालमीतले. म्हणजे वस्तादाचं एक पोर जिंकणार आणि एक हरणार, हे ठरलेलंच. शैलेश ३-२ असा थोडक्यात हरला आणि हर्षवर्धननं त्याला खांद्यावर उचलून घेतलं. मी लातूरकर, मला वाईट वाटायला हवं होतं. डोळ्यांत पाणी आलं ते मात्र वेगळ्याच कारणानं. हरलेल्याला उचलून घ्यायचं, ही रीत तालमीतली आहे. ती कुठल्याही परिपत्रकात लिहिलेली नाही.

परिपत्रकं काढणाऱ्यांचं काय सांगावं! संघटनेतल्या वादापायी नोव्हेंबर २०२३ मध्ये एकाच महिन्यात दोन महाराष्ट्र केसरी झाले. धाराशिवला शिवराज राक्षे, पुण्याजवळ फुलगावला सिकंदर शेख. दोघंही कसलेले मल्ल. भांडण खुर्च्यांचं, आणि गदा विभागली पैलवानांची. माझं मत विचाराल तर संघटनेच्या बैठकीत मत देण्याआधी प्रत्येक पदाधिकाऱ्यानं एक महिना तालमीत मुक्काम करावा आणि पोरांच्या भाजीचा बाजार करावा. बोलून चालून मास्तर मी, मला असेच उपाय सुचतात.

एक गोष्ट मात्र आनंदाची. मार्च २०२३ मध्ये सांगलीला महिलांची पहिली महाराष्ट्र केसरी झाली आणि सांगलीच्याच प्रतीक्षा बागडीनं ती जिंकली. त्यानंतर आमच्याकडंही पोरी विचारायला लागल्या, ‘आम्ही कुठं खेळायचं?’ या प्रश्नाला माझ्याकडं उत्तर नव्हतं.

ते दुसऱ्याच कुणाकडून आलं. गेल्या दिवाळीत तो टेम्पोवाला माझ्या दारात उभा राहिला. किती वर्षांनी! म्हणाला, ‘सर, ग्रामपंचायतीचं जुनं गोदाम रिकामं पडलंय. तुम्ही सरपंचाला बोलताव का? मॅट टाकायची. माझ्या भाचीला शिकवायचंय, आणखी सात-आठ पोरी हायत.’ मी म्हटलं, तुझ्या बापाला विचारलंस का? तो हसला. म्हणाला, ‘बापानंच तुमच्याकडं धाडलंय.’

आम्ही दोघं टेप घेऊन गेलो. स्पर्धेची मॅट १२ मीटर लांब, १२ मीटर रुंद असते. गोदाम लांबीला पुरलं, रुंदीला जेमतेम ९ मीटर भरलं. कुस्तीचं वर्तुळच ९ मीटरचं, म्हणजे कडेला पाऊल ठेवायला जागा नाही, फेकलेली पोरगी थेट भिंतीवर जाणार. तो लंगडत भिंतीपाशी गेला, हातानं ठोकून बघितली आणि म्हणाला, ‘हिला गाद्या बांधू.’ जुन्या गाद्या गोळा करायचं काम त्यानं माझ्याकडं दिलंय. आतापर्यंत अकरा जमल्या आहेत. अजून निदान वीस तरी लागतील.