'केटो' : लंडनहून व्हॅली फोर्जपर्यंत



जोसेफ ॲडिसनचे 'केटो' हे पद्यमय शोकान्त नाटक आज फारसे कोणी वाचीत नाही. आणि खरे सांगायचे तर, वाचताना आम्हालाही ते थंडच वाटले. रोमचे राज्य सीझरच्या हाती जाऊ लागले, आफ्रिकेच्या किनाऱ्यावरील उटिका नगरीत केटो मूठभर साथीदारांसह उरला, आणि शरण न जाता त्याने आत्महत्या केली, एवढीच मुख्य कथा. स्थलैक्याच्या हट्टापायी सारे एकाच दालनात घडते. केटोविरुद्ध कट करणारेदेखील खुशाल त्याच्याच दालनात येऊन कट करतात! जॉन डेनिस या टीकाकाराने त्याच वर्षी यावर कोरडे ओढले.

तरी १४ एप्रिल १७१३ रोजी लंडनच्या ड्रूरी लेन नाट्यगृहात पहिला प्रयोग झाला तो टाळ्यांच्या कडकडाटात. व्हिग व टोरी या पक्षांत तेव्हा विस्तव जात नव्हता. स्वातंत्र्याचे नाव निघाले की व्हिग टाळ्या पिटीत, आणि हे आपल्यालाच लागू आहे म्हणून टोरीही पिटीत. टोरी पुढारी बोलिंगब्रोक याने केटोची भूमिका करणाऱ्या बार्टन बूथला बोलावून ५० गिनी दिल्या. हुकूमशहाविरुद्ध स्वातंत्र्याची बाजू राखली म्हणून! रोख होता तहहयात सरसेनापतिपद मागणाऱ्या मार्लबरोवर. बक्षीस देणाऱ्याचे यात काही जाणार नव्हते.

अमेरिकेतील वसाहतींत हेच नाटक गेले तेव्हा मात्र गोष्ट वेगळी झाली. जॉर्ज वॉशिंग्टनला ते तरुणपणापासून प्रिय. १७५८ मधल्या एका पत्रात केटोच्या कन्येवर प्रेम करणाऱ्या जुबाची भूमिका आपल्याला करायला मिळावी, असे तो लिहितो. पुढे १७७७-७८ चा हिवाळा त्याच्या सैन्याने व्हॅली फोर्जच्या छावणीत काढला. सुमारे २,००० माणसे तिथे दगावली, तीही लढाईत नव्हे, बहुतेक रोगराईने. जवळच फिलाडेल्फियात इंग्रज अधिकारी हौसेने नाटके करीत होते. ११ मे १७७८ रोजी वॉशिंग्टनच्या अधिकाऱ्यांनी छावणीत 'केटो' केले. वॉशिंग्टन सपत्नीक हजर होता. पाहणारे सारे राजद्रोही. हरले असते तर फाशीच. त्यांच्यापुढे केटो मरत होता.

पाचच महिन्यांनी, ऑक्टोबर १७७८ मध्ये, अमेरिकन काँग्रेसने ठराव केला : नाटक करणारा वा पाहणारा अधिकारी बडतर्फ होईल.