बागेचा दुसरा उन्हाळा

बाग करणे सोपे, जगवणे अवघड. उद्घाटनाला सगळे येतात. एप्रिलात पाणी घालायला कोण येतो?

74 व्या घटनादुरुस्तीने (1992) उद्याने ही नागरी संस्थांच्या कामांत धरली. 2020 साली सुरू झालेल्या ‘माझी वसुंधरा’ अभियानात नगरपंचायतींनाही बक्षिसे मिळाली. पण बक्षीस कार्यालयाला मिळते, झारी धरणाऱ्या मंडळाला नाही.

मुंबईचे ओव्हल मैदान रहिवाशांनी 1990 च्या दशकात कोर्टात जाऊन, निधी उभारून सावरले. तिथे ऐपत होती. आमच्या वाशीत वर्गणी मागायची तर माणूस आधी आभाळाकडे बघतो. शेजारच्या लातूरला 2016 साली रेल्वेने पाणी आणावे लागले, असा हा मुलूख. न्यूयॉर्कमध्ये ‘पार्टनरशिप्स फॉर पार्क्स’ हा 1995 चा उपक्रम बाग सांभाळणाऱ्या गटांना छोटी अनुदानेही देतो.

आपल्याकडेही असे व्हावे. रक्कम थोडी, पण मंडळाच्या खात्यात: पाइप, खुरपी, उन्हाळ्यात टँकर. हिशेब फाटकावर डकवावा. पहिला हप्ता रोप लावताना द्यावा आणि दुसरा, दुसऱ्या उन्हाळ्यानंतर, जगलेली झाडे मोजून.