काळजी घेणे आणि काळजी लागणे

(संस्थेच्या वार्षिक मेळाव्यातील भाषण)



परीक्षांत यश मिळविलेल्या आपल्या मुलामुलींचा सत्कार आताच झाला. त्यांतील कित्येकांना परिचारिका, डॉक्टर वा प्रयोगशाळेतील तंत्रज्ञ व्हावयाचे आहे, हे ऐकून आम्हांस फार आनंद झाला. त्यांना आशीर्वाद तर आहेतच. परंतु आजचे चार शब्द त्यांच्या आईबापांसाठी आणि पुढे होणाऱ्या सासरच्या मंडळींसाठी आहेत. रुग्णालयात काम करणाऱ्यांच्या मनात जी चिंता घर करून राहते, तिचा विचार आम्ही आपणांपुढे मांडणार आहोत.

आमचे आयुष्य शाळेत भाषा शिकविण्यात गेले. तेव्हा आरंभ शब्दापासूनच करतो. ‘काळजी’ हा आपला शब्द मोठा विलक्षण आहे. रोग्याची काळजी आपण घेतो, आणि आपल्याला काळजी लागते. शब्द एकच, पण क्रियापद बदलताच अर्थ फिरतो. रुग्णालयातील माणूस दिवसभर पहिली काळजी घेतो आणि घरी येताना दुसरी बरोबर आणतो.

ही काळजी कशाकशाची असते? पहिली चुकीची. एकच उदाहरण घ्या. मधुमेहावरील इन्सुलिन आपल्याकडे एका मिलिलिटरमध्ये ४० एकके आणि १०० एकके अशा दोन तीव्रतांचे मिळते, आणि दोहोंच्या सुया निराळ्या असतात. बाटली एका प्रकारची व सुई दुसऱ्या प्रकारची झाली, तर मात्रा अडीचपट होते किंवा अर्ध्याहून कमी भरते. पहाटे तीन वाजता, तिसऱ्या सलग रात्रपाळीत, एकीकडे घंटा वाजत असता हे भान राखावयाचे असते. आमची एक विद्यार्थिनी परिचारिका आहे. ती सांगत होती, “गुरुजी, घरी येऊन अंथरुणावर पडले की आठवते, सात नंबरच्या आजींचे सलाईन बंद केले होते ना? मग उठून वॉर्डात फोन करते. बंद केलेलेच असते. पण फोन केल्यावाचून डोळा लागत नाही.”

दुसरी काळजी संसर्गाची. रोग्याला टोचलेली सुई कर्मचाऱ्याच्या बोटात जाणे हा रुग्णालयातील नेहमीचा अपघात. तो रोगी एचआयव्हीबाधित असेल, तर अशा टोचण्याने लागण होण्याचा संभव हजारांत सुमारे तीन इतका अल्प असतो. प्रतिबंधक गोळ्या शक्य तितक्या लवकर, ७२ तासांच्या आत सुरू करून २८ दिवस घ्याव्या लागतात. शास्त्र एवढे आश्वासन देते. पण ते २८ दिवस कसे जातात? घरी सांगावे तर गहजब होईल, न सांगावे तर गोळ्या लपवाव्या लागतील. येथे रोगाहून घरच्यांचे भय मोठे ठरते, हे आपण लक्षात घ्यावे.

तिसरी काळजी माणसांची. मुंबईच्या केईएम रुग्णालयात १९७३ साली अरुणा शानबाग ह्या परिचारिकेवर तेथीलच एका सफाई कामगाराने अमानुष अत्याचार केला. त्यानंतर १८ मे २०१५ रोजी त्यांचे निधन होईपर्यंत, सुमारे ४२ वर्षे, तेथील परिचारिकांनी त्यांची शुश्रूषा केली. ९ ऑगस्ट २०२४ रोजी कोलकात्याच्या आर. जी. कर महाविद्यालयात रात्रीच्या कामावर असलेल्या एका तरुण डॉक्टर स्त्रीची अत्याचार करून हत्या झाली, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने सुरक्षिततेच्या उपायांसाठी राष्ट्रीय कृतिदल नेमले. आपल्या राज्यात तर २०१० सालापासून कायदा आहे. रुग्णसेवकावर हात उगारणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कारावास व ५० हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. तरीही रोगी दगावला की वीस-पंचवीस माणसे वॉर्डात घुसतात. ही माणसे कोठून येतात? ती तुमच्याआमच्यासारख्या घरांतूनच येतात.

२२ मार्च २०२० रोजी सायंकाळी पाच वाजता आपण टाळ्या आणि थाळ्या वाजविल्या. त्याच दिवसांत ठिकठिकाणी घरमालक डॉक्टरांस व परिचारिकांस खोली रिकामी करण्यास सांगत होते. अखेर २२ एप्रिल रोजी शासनास त्यांच्या रक्षणार्थ वटहुकूम काढावा लागला. ज्यांच्यासाठी थाळी वाजवावयाची, त्यांनाच दारात उभे करावयाचे नाही, ही रीत कोणती?

थोडी चिंता उपयोगाचीच असते. तिच्यामुळे औषधाची चिठ्ठी दोनदा वाचली जाते. परंतु झोप उडाली, छाती धडधडू लागली, कामावर जाण्याचा विचारही नकोसा झाला, म्हणजे ती मर्यादेबाहेर गेली असे समजावे. कामाच्या दीर्घ ताणाने माणूस आतून थकून जातो, ह्या अवस्थेची नोंद जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली कामाशी निगडित बाब म्हणून केली आहे. मात्र आपल्याकडे ‘सेवा’ हा शब्द उच्चारला की तक्रार करणाऱ्याचे तोंड बंद होते. सावित्रीबाई फुले प्लेगच्या रोग्यांची शुश्रूषा करता करता १० मार्च १८९७ रोजी निवर्तल्या. त्या माउलीला आपण वंदन करतो. पण तिचे नाव घेऊन आपल्या मुलीला विश्रांती नाकारणे हा तिचा सन्मान नव्हे.

पाळ्यांचे तास आणि माणसांची संख्या हा शासनाचा व व्यवस्थापनाचा विषय. त्यासाठी त्यांच्याकडे आग्रह धरलाच पाहिजे. परंतु काही गोष्टी सर्वस्वी आपल्या हाती आहेत. रात्रपाळी करून आलेल्या सुनेला वा मुलीला दुपारी दोनपर्यंत कोणी हाक मारू नये. पाहुण्यांचा चहा घरातील इतरांनी करावा. ती बोलू लागली तर “पगार मिळतो ना?” असे न म्हणता ऐकून घ्यावे. रात्रपाळीची नोकरी म्हणून स्थळ नाकारू नये, आणि स्वीकारल्यावर नोकरी सोडण्याची अट घालू नये. आपला माणूस रुग्णालयात असेल तेव्हा डॉक्टरांशी एकाच जबाबदार नातेवाइकाने बोलावे. बाकीच्यांनी बाहेर थांबावे. आणि मन फारच खचले तर वैद्यकीय सल्ला घेण्यात कमीपणा मानू नये. शासनाच्या टेलिमानस सेवेचा १४४१६ हा दूरध्वनी दिवसरात्र चालू असतो.

आपल्या संस्थेसही एक विनंती. आज आपण गुणपत्रिकांचा सत्कार केला. पुढील वर्षी ह्याच मेळाव्यात आपल्या समाजातील रुग्णसेवकांना एका दुपारी एकत्र बोलवावे. हारतुरे नकोत, भाषणेही नकोत, आमचेसुद्धा नको. त्यांनी बोलावे आणि आपण ऐकावे. कोणास रात्री स्टेशनपर्यंत सोबत हवी असेल, कोणाचे लहान मूल सांभाळावयाचे असेल. अशी कामे शेजारच्या ज्ञातिबांधवांनी वाटून घेतली, तर त्यांस खर्च येणार नाही.

आमच्या वयाच्या मंडळींना आज ना उद्या त्या खाटेवर पडावयाचेच आहे. त्या वेळी जी मुलगी आपल्या उशाशी येईल, ती पुरेशी झोपलेली आणि निर्भय असावी, असे आपणां सर्वांस वाटेल. तिची ती झोप आजपासून आपल्याच घरांत राखावयाची आहे.