छातींतली जळजळ आणि तिचें निदान



पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंत पसरलेल्या कारखान्यांच्या पट्ट्यांत घरोघर ऐकूं येणारी एक तक्रार म्हणजे छातींतली जळजळ. रात्रपाळीचा कामगार सकाळीं घरीं येतो, पोटभर जेवतो आणि लगेच अंथरुणाला पाठ टेकतो. थोड्याच वेळांत आंबट पाणी घशाशीं येतें. घरचीं माणसें ‘पित्त झालें’ म्हणतात आणि दुकानांतून एक गोळी येते. मी वैद्य नव्हे. उभा जन्म मुलांना शिकविण्यांत गेला. तरीहि एवढें सांगावेंसें वाटतें कीं, दुखण्याला नांव देण्याची घाई आपण करूं नये.

छाती आणि पोट यांमध्यें श्वासपटल नांवाचा स्नायूंचा पडदा आहे. त्यांतील एका छिद्रांतून अन्ननलिका खालीं उतरून जठरास मिळते. तेथें स्नायूंचें एक कडें असतें. घास उतरतांना तें उघडतें आणि मग मिटतें. कडें ढिलें पडलें कीं जठरांतील अम्ल वर चढतें. जठराचें अस्तर तें सोसतें, अन्ननलिकेचें सोसत नाहीं. कित्येकांत छिद्र रुंदावून जठराचा वरचा भागच छातींत सरकतो. यासच हायेटस हर्निया म्हणतात. वाढतें वय व लठ्ठपणा त्यास वाट करून देतात. पुष्कळांना मात्र तो असूनहि कांहींच त्रास होत नाहीं.

हें दुखणें आपल्याकडे नवें नव्हे. माधवनिदान या ग्रंथांत अम्लपित्तास स्वतंत्र प्रकरण असून आंबट-कडू ढेकर आणि छाती व घसा यांचा दाह हीं लक्षणें दिलीं आहेत. उपचाराआधीं निदान, हा धडा ग्रंथाच्या नांवांतच आहे.

पहिला प्रश्न हृदयाचा. छातीवर दडपण, घाम, धाप, हाताकडे वा जबड्याकडे जाणारी कळ, यांपैकीं कांहीं दिसल्यास सोडा पीत बसूं नये. 108 क्रमांकास बोलावून रुग्णालय गाठावें व इसीजी काढावा. घास अडकणें, वजन घटणें, रक्ताची उलटी किंवा डांबरासारखी काळी शौच असल्यास दुर्बिणीची तपासणी, म्हणजे एंडोस्कोपी, टाळूं नये. अशीं चिन्हें नसतील तर डॉक्टर बहुधा प्रथम औषध देऊन पाहतात. ओमेप्राझोलसारखी गोळी जेवणापूर्वीं सुमारें अर्धा तास घ्यावयाची असते, आणि बहुधा चार ते आठ आठवडे. ती आपल्याच मनानें वर्षानुवर्षें चालू ठेवणें बरें नव्हे.

पथ्य मात्र आपल्या हातीं आहे. जेवण आणि निजणें यांत तीन तासांचें अंतर असावें. रात्रपाळीच्या माणसानें मुख्य जेवण कामाच्या मधल्या सुटींत उरकून सकाळीं हलकेंच खावें. खाटेच्या उशाकडील पायांखालीं विटा ठेवून ती बाजू सहा इंच उंच करावी. नुसत्या उशा वाढविल्यानें पोट दुमडतें. डाव्या कुशीवर निजावें, वजन उतरवावें, तंबाखू सोडावी.

इतक्यानेंहि भागलें नाहीं तर शस्त्रक्रिया आहे. रुडॉल्फ निसेन यांनीं 1956 सालीं प्रसिद्ध केलेल्या पद्धतींत जठराचा वरचा भाग अन्ननलिकेच्या खालच्या टोकाभोंवतीं गुंडाळतात. आतां तें काम दुर्बिणीनें होतें. त्याआधीं अम्लाची चोवीस तासांची मोजणी व अन्ननलिकेच्या दाबाची परीक्षा करतात. तिची गरज थोड्यांनाच पडते.

तेव्हां घरांत कोणी छातीवर हात ठेवून ‘पित्त आहे, बसेल’ म्हणालें, तर गोळीपूर्वीं चार प्रश्न विचारा. कळ कोठें जाते? घाम येतो काय? घास अडकतो काय? हें किती दिवस चाललें आहे? उत्तरें घेऊन डॉक्टरांकडे जा.