घरचे पनीर आणि त्याला लागणारे दूध

घुग्घुस म्हटले की कोळशाच्या खाणी आणि सिमेंटचा कारखाना एवढेच लोकांच्या डोळ्यांपुढे येते. पण याच गावात, आणि आसपासच्या खेड्यांत, दोन-चार म्हशी बांधून दुधावर संसार चालवणारी घरेही आहेत. त्यांची अडचण तुम्हांला सांगायला नको. मे महिन्यात पारा 45 अंशांच्या वर जातो, सायंकाळचे दूध विकले गेले नाही तर सकाळपर्यंत त्याची धडगत नसते. अशा दुधाचे, ते ताजे आहे तोवरच, पनीर करून ठेवावे. मग ते आणखी एखादा दिवस टिकते आणि त्याला दामही बरा मिळतो.

ताजे आहे तोवर, हे मी मुद्दाम म्हणतो. दूध फाटलेच आहे तर करू या आता पनीर, असे पुष्कळ घरी चालते. आपोआप नासलेल्या दुधात जंतू आधीच वाढलेले असतात. ते पनीर आंबूस लागते, आणि लेकराबाळांच्या पोटाला बाधू शकते.

आता दूध कोणते घ्यावे? म्हशीचे सर्वांत सोयीचे. आपली नागपुरी म्हैस दूध बेताचेच देते, पण दाट देते. म्हशीच्या लिटरभर दुधाचे साधारण 200 ग्रॅम पनीर पडते आणि वड्या घट्ट होतात. गाईच्या दुधाचे थोडे कमी पडते, मऊ आणि पिवळसर होते. चामोर्शी-मुलचेऱ्याकडे पूर्व बंगालमधून विस्थापित होऊन आलेल्या कुटुंबांची गावे आहेत. ती मंडळी गाईच्याच दुधाचा छेना पसंत करतात, कारण रसगुल्ल्याला तो मऊपणाच हवा. तेव्हा आपल्या कठाणी किंवा गवळाऊ गाईचे दूध आहे म्हणून हिरमुसू नका. वड्यांऐवजी भुर्जी करा, गोड करा. नुकत्या व्यालेल्या जनावराचा चीक मात्र यात मिसळू नये. त्याचा खरवसच बरा!

पिशवीच्या दुधावर आकडे छापलेले असतात, ते वाचावेत. टोन्ड दुधात स्निग्धांश 3 टक्के, फुल क्रीममध्ये 6 टक्के. पनीरला दुसरे घ्यावे. पहिल्याचेही होते, पण थोडे आणि रबरासारखे.

एकदा मी रतिबाच्या दुधाचे पनीर करायला बसलो. दोन लिंबे पिळली, तिसरे पिळले, दूध काही फाटेना. फाटले तेव्हा हाती आला नुसता बुळबुळीत चोथा. दूध नासू नये म्हणून त्यात कोणीतरी सोडा घातला होता. लिंबाची सारी आंबटाई त्या सोड्यानेच खाल्ली. तेव्हापासून मी आधी वाटीभर दूध तापवून त्यात लिंबाचे थेंब टाकून पाहतो. गुरुजींना हा प्रयोग वर्गात करता येईल. हळदीच्या कागदावर दुधाचा थेंब टाकून तो लाल होतो का, तेही पाहावे. मात्र सोडा पुष्कळ असेल तरच हा कागद बोलतो.

कृती सोपी आहे. लिटरभर दूध चांगले उकळा, खाली उतरवा आणि पाच मिनिटे थांबा. दोन ग्रॅम, म्हणजे लहान अर्धा चमचा लिंबूसत्व कपभर गरम पाण्यात विरघळवून थोडेथोडे ओता. पळी हळू फिरवा, घुसळू नका. हिरवट, निवळ पाणी सुटले की ओतणे थांबवा. उरलेले सत्व संपवायची घाई नको, जास्त झाले की पनीर कडक आणि आंबट होते. दुधातले केसीन नावाचे प्रथिन आंबटाईने एकत्र येते आणि स्निग्धांश सोबत घेऊन बसते, एवढीच त्यातली किमया. मग फडक्यात गाळा, पुरचुंडी पाटावर ठेवून वर वरवंट्यासारखे वजन वीस मिनिटे ठेवा आणि लगदा थंड पाण्यात सोडा. फ्रीज नसेल तर माठातले पाणी दोन-तीनदा बदला आणि त्याच दिवशी खाऊन टाका. गाळलेले पाणी फेकू नका, कणीक भिजवा, वरणात घाला.

विलायती चीजचे कोणी विचारील. त्याला रेनेट लागते, दूध उकळून चालत नाही. शिवाय महिनोन्‌महिने 10 ते 14 अंशांची थंड खोली हवी. ती आपल्याकडे कुठून आणायची?

राहता राहिले फडके. ते धुऊन उन्हात वाळवावे खरे, पण आमच्याकडे कोळशाचे ट्रक दारावरून जातात आणि पांढरे कापड दुपारपर्यंत करडे होते. तेव्हा ते घरातच वाळवा, आणि वापरण्याआधी उकळत्या पाण्यातून काढून घ्या.