गुत्तेदाराचे बिल आणि शिकाऊ उमेदवार
(संस्थेच्या विद्यार्थी मार्गदर्शन मेळाव्यात दिलेले भाषण)



मी बँकेत लिपिक आहे. कला शाखेचा पदवीधर; इंजिनिअर नाही, वकीलही नाही. तरीही हा विषय मी मागून घेतला, कारण गुत्तेदारांचे कागद गेली कित्येक वर्षे माझ्या टेबलावरून जात आहेत. बयाणा रक्कम, बँक हमी, कार्यारंभ आदेश, चालू बिल. हे कागद पाहून एक गोष्ट पक्की कळते. ज्या अटीवाचून बिल अडते ती अट गुत्तेदार झोप मोडून पाळतो, आणि जिच्यावाचून बिल अडत नाही ती पुष्कळदा त्याने वाचलेलीही नसते.

आता कायदा पाहू. शिकाऊ उमेदवारी कायदा १९६१ चा आहे. २०१४ साली त्यात मोठी दुरुस्ती झाली आणि कंत्राटदारामार्फत लावलेला माणूसही 'कामगार' या व्याख्येत आला. २०१९ च्या नियमांनी असे ठरवले की ज्या आस्थापनेत तीस किंवा अधिक माणसे आहेत, तिने एकूण संख्येच्या अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ उमेदवार घेतलेच पाहिजेत. म्हणजे दोनशे माणसांच्या कामावर निदान पाच. शिवाय या कायद्यात १९७३ च्या दुरुस्तीने अनुसूचित जाती-जमातींसाठी राखीव जागांचे कलम ३-अ आले. हे कलम आपल्या मुलांपैकी किती जणांना ठाऊक आहे, हे मी इथे हात वर करायला सांगून पाहणार नाही.

कायदा असा चांगला असताना इमारतीच्या, रस्त्याच्या, पाइपलाइनच्या कामावर शिकाऊ उमेदवार औषधालाही का सापडत नाही? वाळूजच्या किंवा चिकलठाण्याच्या कारखान्यात तो दिसतो. कारखान्याला गेट असते, हजेरीपट असतो, माणसे मोजता येतात. बांधकामावर मूळ गुत्तेदाराच्या हजेरीपटावर दहा-बारा नावे, सेंट्रिंग एका पेटी कंत्राटदाराकडे, सळई बांधणे दुसऱ्याकडे, खोदाई मुकादमाकडे. कामावर माणसे शंभर, पण कागदावर कोणाकडेच तीस भरत नाहीत. बाकीची माणसे पहाटेच्या नाक्यावरून उचललेली असतात. त्यांत आपलीच मुले असतात, आणि दहा वर्षे घमेले उचलूनही त्यांच्या हातात 'मला हे काम येते' असे सांगणारा कागद नसतो.

दुसरे कारण हिशेबाचे आहे, आणि तो माझ्या धंद्याचा भाग असल्यामुळे जरा सविस्तर सांगतो. २०१९ च्या दरपत्रकाप्रमाणे आयटीआय झालेल्या शिकाऊ उमेदवाराला किमान ७,००० रुपये विद्यावेतन. केंद्राच्या २०१६ च्या प्रोत्साहन योजनेतून त्यातला चौथा हिस्सा, जास्तीत जास्त १,५०० रुपये, सरकार देते. गुत्तेदाराच्या खिशातून जातात महिना ५,५००, वर्षाचे ६६,०००. आणि उमेदवार घेतलाच नाही तर? २०१४ च्या दुरुस्तीने दंड ठरवला तो असा: पहिले तीन महिने प्रत्येक रिकाम्या जागेमागे महिना ५०० आणि त्यानंतर महिना १,०००. बारा महिन्यांचे झाले १०,५००. कायदा पाळण्यापेक्षा मोडणे सहा पटीने स्वस्त! तेही कोणी तपासायला आले तर. अशा हिशेबापुढे नुसत्या उपदेशाचे काही चालत नाही.

म्हणून माझे म्हणणे एवढेच की, ही अट निविदेत आली पाहिजे आणि चालू बिलाला बांधली गेली पाहिजे. अमुक रकमेच्या वरच्या प्रत्येक सार्वजनिक कामात, पेटी कंत्राटदारांची माणसे धरून, इतके शिकाऊ उमेदवार. त्यांचे नोंदणीकृत करार बिलासोबत जोडावेत. नसतील तर तेवढी रक्कम रोखून धरावी. यात अशक्य काही नाही. १९९६ च्या कायद्याने बांधकाम कामगारांसाठीचा उपकर आला, तो महाराष्ट्रात एक टक्का आहे आणि सरकारी कामात बिलातूनच कापला जातो. तो कापला जातो म्हणून वसूल होतो. सुशिक्षित बेरोजगार अभियंते आणि मजूर सहकारी संस्था यांच्यासाठी कामांचा हिस्साही शासनाने ठेवलेला आहे. म्हणजे सार्वजनिक कामाच्या पैशाला सामाजिक अट घालता येते, हे शासनाला मान्य आहे. फक्त हाताने काम शिकणारा मुलगा त्या यादीत नाही.

हा विचार आपल्याकडे नवा नाही. बाबासाहेब १९४२ साली व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री झाले आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये त्यांनी अनुसूचित जातींच्या गाऱ्हाण्यांचे निवेदन व्हाइसरॉयला दिले. त्यात राजकीय हक्क आणि शिक्षण तर आहेच, पण केंद्रीय बांधकाम खात्याच्या ठेकेदारांची यादीही त्यांनी पाहिली होती. हजाराहून अधिक ठेकेदारांत अनुसूचित जातीचा एकच! त्याच निवेदनात सरकारी छापखान्यांत आणि रेल्वेच्या कारखान्यांत आपल्या मुलांना शिकाऊ उमेदवार म्हणून घ्यावे, असाही आग्रह आहे. निवेदनाची ही बाजू आपल्या भाषणांत फारशी येत नाही, याचे मला वाईट वाटते.

परदेशात हे चालू आहे. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात सार्वजनिक कामावर कुशल कारागिराच्या दर पाच तासांमागे निदान एक तास शिकाऊ उमेदवाराचा असावा लागतो. वॉशिंग्टन राज्यात दहा लाख डॉलर आणि त्यावरील कामांत एकूण श्रमतासांचे पंधरा टक्के. तासांत मोजल्यामुळे माणूस कोणाच्या हजेरीपटावर आहे ही पळवाट उरत नाही, आणि ही युक्ती आपण जरूर उचलावी.

गुत्तेदार म्हणतील, काम सहा महिन्यांत संपते, उमेदवारी वर्षाची, मग मुलाचे काय करू? प्रश्न खरा आहे. परंतु कायद्याच्या पाचव्या कलमात करार दुसऱ्या मालकाकडे वर्ग करण्याची सोय आहे, आणि अनेक मालकांनी मिळून प्रशिक्षण देण्याचीही आहे. शिवाय सगळीच कामे सहा महिन्यांची नसतात. जायकवाडीहून आपल्या शहराला पाणी आणणाऱ्या नव्या योजनेचे भूमिपूजन डिसेंबर २०२० मध्ये झाले; तेव्हा ती १,६८० कोटींची होती, पुढे २,७४० कोटींवर गेली. अडीच मीटर व्यासाची जलवाहिनी! अशा कामावर वेल्डर, फिटर, सर्व्हेअर यांच्या दोन-तीन तुकड्या एकामागून एक शिकून बाहेर पडू शकतात. वर्गात वेल्डिंग शिकलेल्या मुलाला असा पाइप एरवी कुठे पाहायला मिळणार?

विद्यार्थी मित्रांनो, निविदेत अट येईल तेव्हा येईल. ती यावी म्हणून संस्थेने महापालिका, जिल्हा परिषद आणि सार्वजनिक बांधकाम विभाग यांना निवेदन द्यावे, असा ठराव आज मी मांडतो आहे. पण आजही करण्यासारखे काही आहे. आयटीआयचा निकाल लागताच अप्रेंटिसशिप इंडिया या पोर्टलवर नाव नोंदवा. आधारला जोडलेले बँक खाते लागते. ते नसेल तर मला भेटा. २०२४ मध्ये आलेल्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेशी याची गल्लत करू नका. तिथे विद्यावेतन होते, पण उमेदवारी पूर्ण करून परीक्षा दिल्यावर मिळणारे राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रमाणपत्र तिथे नव्हते. या प्रमाणपत्राची किंमत अशी की, इतर गुण सारखे असतील तर प्रशिक्षित उमेदवाराला थेट भरतीच्या उमेदवारापेक्षा प्राधान्य द्यावे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली उत्तर प्रदेश परिवहन महामंडळाच्या प्रकरणात सांगितले आहे.

आणि मोठे काम चालू दिसले, की माहितीच्या अधिकारात कार्यकारी अभियंत्याकडे दोनच गोष्टी मागा: त्या कामावरच्या माणसांचा हजेरीपट, आणि शिकाऊ उमेदवारांच्या करारांच्या प्रती. अर्ज दहा रुपयांचा आहे. मसुदा मी लिहून आणला आहे. भोजनदानानंतर तो दाराजवळच्या टेबलावर मिळेल.