दान सगळ्यांसमोर पडू द्या



वेळ थोडा आहे, म्हणून एकाच गोष्टीबद्दल बोलतो: रोल-प्लेइंग खेळात स्क्रीनमागे बसून खेळ चालवणाऱ्याच्या हातातल्या सत्तेबद्दल.

आपलं हे काम मुळात पंचाचं. १८२४ साली प्रशियाच्या सैन्यात राइस्विट्झ या तरुण अधिकाऱ्याचा युद्धखेळ रुजला. त्यात दोन्ही बाजू आपले हुकूम पंचाला लिहून देत, आणि शत्रूचं जेवढं दिसणं शक्य असेल तेवढंच पंच पटावर मांडत असे. पुढे अमेरिकी सैन्यातल्या टॉटनने १८८० साली ‘स्ट्रॅटेगोस’ लिहिलं. त्यातला सर्वाधिकारी पंच मिनेसोटातल्या डेव्हिड वेझलीने उचलला आणि १९६९ साली ‘ब्राउनस्टाइन’ खेळवला. त्या टेबलावर डेव्ह आर्नेसन होता. त्याचं आणि गॅरी गायगॅक्सचं ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ आलं १९७४ मध्ये. आपण गोष्ट सांगणारे झालो ते नंतर. आणि माझा अनुभव असा, की टेबलावर अन्याय होतो तो बहुधा आकसापोटी होत नाही. आपण रचून आणलेल्या गोष्टीवर आपला फार जीव असतो, त्यापायी तो होतो.

एक उदाहरण घ्या. खेळाडू म्हणतो, चोरपावलांनी किल्ल्यात शिरतो. वीस बाजूंच्या फाशावर अकरा किंवा जास्त हवेत, म्हणजे निम्मी संधी. दान पडतं, तो आत जातो. अंगणात आपण पुन्हा टाकायला सांगतो, जिन्यावर पुन्हा. तीन वेळा निम्मी म्हणजे आठात एक, साडेबारा टक्के. नियम एकही मोडला नाही, तरी दार आपण बंदच करून टाकलं. ‘बर्निंग व्हील’मध्ये ल्यूक क्रेनने यावर साधा नियम घातला आहे: परिस्थिती बदलत नाही तोवर पहिलंच दान कायम. खेळ कुठलाही असो, हा नियम पाळा.

आता माझी चूक सांगतो. काही वर्षांपूर्वी माझ्या टेबलावर एका राक्षसाचा सोटा एका मुलीच्या कॅरेक्टरवर उगारलेला होता. स्क्रीनमागे फासा टाकला, वीस आले, म्हणजे वार बसलाच होता. मी म्हणालो, ‘हुकला!’ सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला. ती मात्र तेवढ्यात पाण्याची बाटली घ्यायला माझ्या मागून गेली होती. तेव्हा काही बोलली नाही. रात्री फासे पिशवीत भरताना तिने हळूच विचारलं, ‘दादा, मग गेल्या महिन्यात पुलावर आम्ही जिंकलो, ते तरी खरं होतं का?’

ते खरं होतं. पण तिला पटवून द्यायला माझ्याकडे काही उरलं नव्हतं.

तेव्हापासून माझे फासे टेबलाच्या मध्यावर, स्टीलच्या ताटात पडतात. खुनी कोण, सापळा कुठे, हे मी अर्थातच झाकून ठेवतो. गुपित राखणं हे पंचाचं कामच आहे. पण टाकण्याआधी मोठ्याने सांगतो: दरी ओलांडायला पंधरा हवेत, चुकलीस तर खाली पडशील, दोर बांधायचा का आधी? विचार करायला वेळ देतो. गप्प बसलेल्याला मुद्दाम विचारतो, कारण मोठ्या आवाजाचा खेळाडू आपली पाळी स्वतःच ओढून घेतो.

तीच मुलगी दोन महिन्यांनी अशाच एका दरीपाशी उभी होती. दोर बांधण्याइतका वेळ नाही, मागे लांडगे आहेत, हे तिला ठाऊक होतं. मी आकडा सांगितला, काय गमावशील तेही सांगितलं. ‘टाकते,’ म्हणाली. फासा ताटाच्या काठावर खणखणला, गोल फिरला आणि तीनवर थांबला. सगळे ताटावर वाकले होते. कोणीच माझ्याकडे पाहिलं नाही. तिने डोळे पुसले, कॅरेक्टरचा कागद नीट घडी करून वहीत ठेवला आणि माझ्याकडे हात पुढे केला, ‘दादा, एक कोरा कागद द्या.’